गाडीचाही सातबारा असतो

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतील माणसाला जमिनीचा व्यवहार कोणी शिकवावा लागत नाही. चार गुंठे जागा घ्यायची असली तरी तो सातबारा काढतो, फेरफाराच्या जुन्या नोंदी उलगडतो, इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचे नाव अथवा सोसायटीचा बोजा आहे का ते पाहतो, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेववतो आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचनाही देतो. ही सावधता त्याच्या अंगी उगाच आलेली नाही. मुंबई-पुण्याच्या मंडळींनी येथे फार्महाऊससाठी जमिनी घ्यायला आरंभ केल्यापासून फसगतीच्या पुष्कळ कहाण्या त्याच्या कानांवर आल्या आहेत. पण हाच माणूस तीन-साडेतीन लाखांची जुनी मोटार घ्यायला निघतो तेव्हा त्याचे हे सारे शहाणपण घरीच राहते. रविवारी सकाळी चारफाट्यावर गाडी पाहायची, एक फेरी मारायची, रंगावरून हात फिरवायचा, वातानुकूलन चालते ना ते पाहायचे आणि 'माणूस ओळखीतला आहे' या एका वाक्यावर बयाणा द्यायचा. दुपारी गाडी दारात, संध्याकाळी नारळ आणि पेढे.

दुसऱ्या हाताची गाडी घेण्यात कमीपणा काहीच नाही. पहाटेची लोकल पकडून मुंबई गाठणारा कारकून, खोपोली वा रसायनीच्या कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार, तालुक्याच्या शाळेतील शिक्षक यांच्या घरात मोटार चैन म्हणून येत नाही. वृद्ध आईवडिलांना पनवेलच्या रुग्णालयात न्यायचे असते. मुसळधार पावसात रात्रीच्या गाडीने उतरणाऱ्या मुलीला स्थानकावरून आणायचे असते. ऐपत नसताना सात वर्षांचे हप्ते डोक्यावर घेऊन नवी गाडी आणण्यापेक्षा अंथरूण पाहून पाय पसरणारा गृहस्थ शहाणाच म्हणावा लागेल. मात्र ही रक्कम बहुधा भविष्यनिर्वाह निधीतून उचललेली किंवा पतसंस्थेकडून घेतलेली असते. ती चुकीच्या गाडीत गेली तर दुसऱ्यांदा उभी राहत नाही. म्हणूनच या व्यवहाराकडे गाडीची हौस म्हणून न पाहता मालमत्तेची खरेदी म्हणून पाहायला हवे.

जमिनीला जसा सातबारा, तसे गाडीला नोंदणीपत्र. मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये ज्याचे नाव नोंदणीपत्रावर, तो मालक. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे, असे याच कायद्याचे कलम ५० सांगते. तरतूद साधी आहे, नमुना क्रमांक २९ आणि ३० हे अर्जही साधे आहेत. प्रत्यक्षात मात्र विकणारा कोऱ्या अर्जांवर सह्या करून मोकळा होतो. घेणारा ते अर्ज कपाटात ठेवतो, कारण नावावर करण्याचा खर्च आणि खेटे वाचतात आणि पुढे विकताना 'एक हात कमी' असे सांगता येते. तिसरा घेणारा तेच अर्ज घेतो, चौथाही तेच. गाडी रसायनीहून नेरळला, नेरळहून मुरबाडला जाते आणि कागदावर मात्र ती पहिल्याच दारात उभी असते.

याचे परिणाम काय होतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या निर्णयावरून दिसून येते. २००९ मध्ये मागे घेतल्या जात असलेल्या एका मोटारीची धडक बसून एक मुलगा मृत्युमुखी पडला होता. नोंदणीकृत मालकाचे म्हणणे असे की, गाडी आपण २००७ मध्येच विकली. ज्याला विकली त्याने ती पुढच्याला दिली, त्याने आणखी पुढे. प्रत्येकाने पुढच्याकडे बोट दाखविले. न्यायालयाने ही साखळी मोजत बसण्याचे नाकारले. अपघातग्रस्त कुटुंबाने कागदावर नसलेल्या मालकांचा माग काढीत हिंडावे, अशी अपेक्षा कायदा करीत नाही. नोंदणीपत्रावर ज्याचे नाव, तोच भरपाईला जबाबदार. दीड-दोन वर्षांपूर्वी गाडी देऊन मोकळ्या झालेल्या त्या गृहस्थाच्या डोक्यावर एका मुलाच्या मृत्यूच्या भरपाईचा भार आला. तेव्हा इतिहास तपासण्याची गरज फक्त घेणाऱ्याला असते, हा समज सोडून द्यावा. विकणाऱ्याचे संकट कित्येकदा अधिक मोठे असते, कारण ते त्याच्या दारात उभे नसते.

परकीय कायद्यांचा अभ्यास करताना 'घेणाऱ्याने सावध असावे' हे लॅटिन सूत्र सर्वांना पाठ असते. आपल्या धर्मशास्त्रकारांनी या प्रश्नाचा किती खोल विचार केला होता, याची आठवण मात्र क्वचितच निघते. मनुस्मृतीने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत 'अस्वामिविक्रय', म्हणजे मालक नसलेल्याने केलेली विक्री, हे स्वतंत्र पद आहे. कौटिल्यानेही अर्थशास्त्राच्या धर्मस्थीय अधिकरणात त्याचा विचार केला आहे. याज्ञवल्क्य तर आणखी पुढे जातात. एकान्तात, अवेळी, अतिशय कमी किमतीत आणि ज्याच्यापाशी अशी वस्तू असणे संभवत नाही अशा माणसाकडून कोणी वस्तू विकत घेतली, तर त्या घेणाऱ्यालाच चोर मानावे, असा त्यांचा दंडक आहे. आजच्या बाजारात जुनी गाडी 'आज रात्रीच पैसे दिलेत तर दीड लाख कमी' अशा बोलीने विकली जाते, तेव्हा याज्ञवल्क्यांच्या चारपैकी निदान दोन खुणा तरी समोर उभ्या असतात. आजचा भारतीय कायदाही तत्त्वतः याच मार्गाने जातो. १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार ज्याची मालकी नाही त्याला मालकी देता येत नाही. चोरीची गाडी प्रामाणिकपणे घेतलेल्याच्या दारातूनही ती उचलली जाते आणि दिलेले पैसे विकणाऱ्यामागे धावून वसूल करावे लागतात.

हा प्रश्न पैशांपाशीच संपला असता तर एवढ्या विस्ताराची गरज नव्हती. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांच्या दिवशी वरळीत एक मारुती व्हॅन सोडून दिलेली सापडली. आत शस्त्रे होती. त्या गाडीची नोंदणी मेमन कुटुंबातील एका स्त्रीच्या नावावर निघाली आणि पोलीस माहीमच्या अल-हुसैनी इमारतीपर्यंत पोहोचले. एवढ्या प्रचंड कटाचा पहिला धागा एका नोंदणीपत्राने दिला. पुढच्या काळात कट करणारे सावध झाले. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत झालेल्या स्फोटांसाठी वापरलेल्या मोटारी नवी मुंबईतून चोरलेल्या होत्या. म्हणजे कर्जत-खालापूरहून तासाभराच्या अंतरावरून. १० नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ स्फोट झालेली मोटारही अनेक हातांतून गेलेली जुनी गाडी होती. तपास यंत्रणांना तिच्या विक्रीची साखळी उलगडावी लागली आणि आधीच्या मालकांना चौकशीला सामोरे जावे लागले. नाव न बदलता फिरणारी प्रत्येक गाडी घातपातासाठीच जाते असे कोणी म्हणणार नाही. पण अशी गाडी रस्त्यावर सोडणारा सज्जन माणूस नकळत दुर्जनाला एक मुखवटा देऊन बसतो, हे नाकारता येत नाही.

आता गाडीचा इतिहास वाचायचा कसा, ते पाहू. पहिला भाग कागदांचा. परिवहन खात्याच्या वाहन प्रणालीवर किंवा एमपरिवहन या भ्रमणध्वनीवरील सुविधेत गाडीचा क्रमांक घातला की नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची आणि नोंदणीची मुदत समोर येते. या भागात पेणच्या कार्यालयाचे 'एमएच-०६' आणि पनवेलचे 'एमएच-४६' असे दोन्ही पासिंग दिसते. मुंबई, ठाणे, पुणे येथील क्रमांकही विपुल. त्यात काही वावगे नाही. मात्र नोंदणीपत्राची मूळ प्रत हातात घेऊन गाडीवर कोरलेला सतरा अक्षर-अंकांचा चासी क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक त्याच्याशी एकेक अक्षर जुळवून पाहिलाच पाहिजे. परिवहन कार्यालयातला कर्मचारी कागद ठेवून पेन्सिलीने घासून चासीचा ठसा घेतो, तो काही विधी म्हणून घेत नाही. जिथे क्रमांकाच्या आसपास घासल्याच्या, नव्याने रंग दिल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसतील तिथून, गाडी कितीही गोजिरवाणी असली तरी, पाय मागे घ्यावा. चोरीच्या वाहनांची पडताळणी करण्यासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाची 'वाहन समन्वय' ही सोयही उपलब्ध आहे.

नंतर बोजा. जमिनीच्या बोजासाठी बँकेत तीन खेपा घालणारे गृहस्थ गाडीवरचे कर्ज 'फिटले आहे' या शब्दावर विसंबतात. नोंदणीपत्रावर वित्तसंस्थेचे नाव असेल तर तिचे ना-हरकत पत्र आणि नमुना क्रमांक ३५ असल्याखेरीज ते उतरत नाही, आणि तिच्या संमतीवाचून गाडी नावावरही होत नाही. हप्ते थकल्यामुळे ओढून आणलेल्या गाड्या लिलावात स्वस्त मिळतात. त्या घेण्यास बंदी नाही, पण जुन्या कर्जदाराचा तंटा मिटला आहे की नाही याचा कागद हवा. क्रमांकावर चढलेल्या दंडांचेही तसेच. द्रुतगती मार्गावर २०२४ पासून नवी कॅमेरा यंत्रणा बसल्यानंतर खालापूरच्या नाक्यावरून रोज जाणाऱ्या काही गाड्यांवर दंडाचे ढीग साचले आहेत, आणि दंड चालकाचा चेहरा पाहून नव्हे, गाडीचा क्रमांक पाहून लागतो.

कागदांपेक्षा अवघड असते ती गाडीने सोसलेल्या दिवसांची माहिती. या भूभागात त्यातले सर्वात मोठे भय पाण्याचे आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई-ठाण्यातील असंख्य मोटारी छपरापर्यंत बुडाल्या. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराने वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, त्याच पुरात बदलापूरच्या वसाहतींत उभ्या असलेल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. २२ जुलै २०२१ ला महाड आणि चिपळूणने तेच भोगले. अशा गाड्यांचे पुढे काय होते? दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल तर विमा कंपनी गाडी संपूर्ण नुकसानीत धरते आणि सांगाडा बोली लावून विकला जातो. घेणारा तो धुतो, वाळवतो, आसनांना नवी कव्हरे चढवतो आणि चारशे मैलांवरच्या गावी नेऊन विकतो. कायमचे निकामी झालेले वाहन १४ दिवसांत कळवून त्याचे नोंदणीपत्र रद्द करून घ्यावे, असे कलम ५५ सांगते. तरी नोंदणीपत्र जिवंत राहिले तर त्यावर पाण्याचा एक थेंबही दिसत नाही.

थेंब दिसतो तो गाडीत. आसनपट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाची पुसट रेघ राहिलेली असते, कारण तिथपर्यंत धुणाऱ्याचा हात पोहोचत नाही. डिकीतली स्टेपनी उचलावी आणि खालच्या खोबणीत बोट फिरवावे. आसनांच्या रुळांचे बोल्ट गंजले आहेत का, गालिचाखालच्या फेसाला कुबट वास येतो का, पुढच्या दिव्यांत आतून धुके धरले आहे का, ते पाहावे. उन्हाळ्यात घेतलेली अशी गाडी पहिल्या पावसात दगा देते. विजेच्या तारांच्या जोडांत गंज चढत जातो आणि एके दिवशी ऐन बोरघाटात सारे दिवे मालवतात.

घाट आणि द्रुतगती मार्ग हा येथल्या गाड्यांचा दुसरा इतिहास. 'फक्त रविवारी चालवलेली' हे जुन्या गाडीचे आवडते विशेषण आहे आणि आकडामापक मागे फिरविणे हा तितकाच आवडता उद्योग. पूर्वी त्यासाठी तार काढावी लागे. आता लॅपटॉप लावला की काही मिनिटांत नव्वद हजारांचे चाळीस हजार होतात. ही लबाडी उघडी पाडायला येथे एक उत्तम साधन आहे, ते म्हणजे फास्टॅगचे खाते. फेब्रुवारी २०२१ पासून ते राष्ट्रीय महामार्गांवर बंधनकारक झाले. विकणारा खरा असेल तर दोन-तीन वर्षांचे विवरण दाखविण्यास त्याला संकोच वाटू नये. रविवारच्या गाडीचा टोल खालापूरला सोमवार ते शनिवार दोन्ही वेळा कापला गेला असेल तर पुढे काही बोलण्याचे कारण उरत नाही. टायरच्या बाजूवर चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पंचवीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे चारही टायर नवे का, हा प्रश्न विचारण्यासाठी यंत्रशास्त्र शिकावे लागत नाही. पायाखालच्या पेडलांचे झिजलेले रबर, गुळगुळीत झालेले चाक आणि खचलेले चालकाचे आसन हे साक्षीदार फोडता येत नाहीत. बदलता येतात, पण बदललेले कळतात. काचांवरही निर्मितीच्या वर्षाच्या खुणा असतात. पाच काचा एका वर्षाच्या आणि सहावी दुसऱ्याच वर्षाची निघाली तर त्या बाजूने काय घडले ते विचारावे.

माथेरान कर्जत तालुक्यात आहे आणि तिथे मोटारींना प्रवेश नाही. तरी त्याच माथेरानच्या पायथ्याशी नेरळहून दस्तुरीपर्यंत दिवसभर चढउतार करणाऱ्या टॅक्सींनी जितका क्लच झिजवला असेल तितका क्वचितच कोणी. पिवळ्या पाटीची गाडी रीतसर परवाना परत करून पांढऱ्या पाटीवर आणता येते. त्यात बेकायदेशीर काही नाही; ते लपविणे मात्र अप्रामाणिक आहे. नोंदणीचा पूर्वेतिहास आणि अधिकृत दुरुस्ती केंद्रातील नोंदी मागितल्या की हे उमगते. केंद्रातल्या संगणकात गाडी कोणत्या तारखेला किती किलोमीटरवर आली, कोणता भाग बदलला, हे लिहिलेले असते. मालकाने सोबत येऊन ते काढून द्यावे. 'आम्ही बाहेरच काम करून घेतो' हे उत्तर कधी खरे असते, पण ते नेहमीच खरे असते असे मानण्याचे कारण नाही.

दिल्लीच्या गाड्यांविषयी एक शब्द. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी क्षेत्रात निर्बंध घातल्यानंतर तिथल्या गाड्या मातीमोल भावात बाहेर आल्या. २०२५ मध्ये त्या निर्बंधांच्या अंमलबजावणीत फेरबदल झाले, पण प्रवाह थांबलेला नाही. परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची तर नवी नोंदणी लागते, मूळ कार्यालयाचे ना-हरकत पत्र लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. हा सारा खर्च मिळवला की त्या स्वस्ताईचे पाणी ओसरते. शिवाय खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण करताना पूर्वी सहाशे रुपये लागत, ते एप्रिल २०२२ पासून मोटारीला पाच हजार झाले.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना जुनी गाडी घेताना एक सोय मिळते. क्रमांक टाकला की त्या गाडीच्या प्रत्येक वार्षिक तपासणीचा निकाल आणि त्या दिवशीचा मैलांचा आकडा सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य दिसतो. अमेरिकेने आकडामापकात फेरफार करणे १९७२ मध्येच कायद्याने निषिद्ध ठरविले. आपल्या वाहन प्रणालीत मालकीच्या नोंदी आल्या. प्रदूषण तपासणी वर्षानुवर्षे होतच असते, विमा कंपन्यांकडे प्रत्येक दाव्याची नोंद असते. संपूर्ण नुकसानीत धरलेल्या गाडीचा शेरा आणि प्रत्येक तपासणीच्या वेळचा आकडा घेणाऱ्यासमोर उघडा करायचा तर त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही, इच्छा लागेल. सरकारने एक पाऊल टाकले आहे, हे मान्य केले पाहिजे. २२ डिसेंबर २०२२ ची अधिसूचना १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यानुसार जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र घ्यावे लागते आणि गाडी ताब्यात घेतल्याचे कळविल्यापासून ती विकली जाईपर्यंत तोच मालक समजला जातो. जुन्या महामार्गालगत गाड्या ओळीने उभ्या करून बसलेल्या दुकानदाराला हे अधिकारपत्र दाखवा म्हणण्याचा अधिकार प्रत्येक ग्राहकाला आहे. फार थोडे ग्राहक तो वापरतात.

सारे ठरल्यावर विक्रीच्या दिवशी काही गोष्टी एकाच बैठकीत उरकाव्यात. गाडीचा ताबा दिल्याची पावती तारखेसह आणि घड्याळातल्या वेळेसह लिहावी, कारण त्या दिवशी दुपारी तीनपर्यंतचा दंड एकाचा आणि तीननंतरचा दुसऱ्याचा असतो. अर्ज २९ आणि ३० कोरे ठेवू नयेत. घेणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख भरूनच सह्या व्हाव्यात. विमा चौदा दिवसांत नव्या नावावर करून घ्यावा. नाही तर उद्या गाडीचे नुकसान झाले तर कंपनी दाव्याच्या कागदावर बोट ठेवील. 'दावा नाही' म्हणून मिळणारी सवलत गाडीबरोबर येत नाही, ती जुन्या मालकाची असते, हेही हिशेबात धरावे. विकणाऱ्याने आपला फास्टॅग बंद करावा. तो विसरला तर नवा मालक लोणावळ्याला सहलीला जातो आणि टोलचे पैसे कर्जतमधल्या जुन्या मालकाच्या खात्यातून कापल्याचा निरोप त्याच्या भ्रमणध्वनीवर वाजतो.